बसलेली बॅटरी उठवण्यासाठी घरगुती पल्स सर्किट: आधी तपासणी, मग जोडणी

कोकणातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वापरून जेवढ्या खराब होतात, त्याहून जास्त पडून राहून होतात. गणपतीला चाकरमानी येतात, घर उघडतं, आठ-दहा दिवस दिवे-पंखे चालतात आणि मग कुलूप लागतं ते शिमग्यालाच निघतं. मेन स्विच बंद, बॅटरी अर्धवट भरलेली आणि तशीच महिनोन् महिने कोपऱ्यात. होड्यांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी शाकारून ठेवतात आणि तिची बॅटरी मांगरात जाते ती ऑगस्टमध्ये बाहेर येते. तेव्हा स्टार्टर नुसता कट्‌कट् करतो. मग दुकानदार ‘बॅटरी बसली, नवीन घ्या’ म्हणतो आणि आपण घेतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागांत कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा वेळी घरात एक धडकी बॅटरी असणं म्हणजे मोबाइल चालू राहणं, रात्री आजारी माणसाजवळ दिवा असणं. म्हणून बसलेली बॅटरी टाकण्याआधी ती उठते का, हे बघायला हवं. त्यासाठी एक छोटं सर्किट घरी करता येतं. सोल्डरिंग येत असेल आणि मल्टिमीटर वापरता येत असेल, तर एका सुट्टीच्या दिवसात ते जमतं. मात्र तपासणी न करता सर्किट लावलं तर महिना फुकट जातो, त्यामुळे या लेखात तपासणीला सर्किटाइतकीच जागा दिली आहे.

बॅटरी बसते म्हणजे काय होतं

लेड-अ‍ॅसिड बॅटरीत एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची आणि मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. करंट काढला की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं. चार्जिंग केलं की सल्फेट परत विरघळतं आणि अ‍ॅसिड पुन्हा तेज होतं. ताजं सल्फेट बारीक आणि मऊ असतं, ते सहज परततं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडली, तर मिठागरात पाणी हललं नाही की मिठाचा खडा जसा मोठा होत जातो, तसे हे स्फटिकही वाढतात. मोठा स्फटिक करंट नीट वाहू देत नाही आणि साध्या चार्जिंगला दादही देत नाही. याला सल्फेशन म्हणतात. उष्णतेने बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग वाढतो, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे आणखी लवकर होतं.

पल्स सर्किट बॅटरीतूनच थोडी ऊर्जा घेतं आणि ती सेकंदाला नऊशे-हजार वेळा, अगदी क्षणभराच्या जोरदार झटक्यांनी परत बॅटरीतच ढकलतं. सल्फेशनमुळे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. करंट ठरलेला असल्याने रोध जितका जास्त, तितका त्या झटक्याचा व्होल्टेज वर चढतो. बॅटरी सुधारत गेली की झटक्याची उंची आपोआप कमी होते.

यात झटक्यांचा वाटा किती आणि सोबतच्या सावकाश चार्जिंगचा किती, यावर जाणकारांत एकमत नाही. माझं मत विचाराल तर मोठा वाटा सावकाश, लांबलेल्या चार्जिंगचा आहे. सर्किट त्याला मदत करतं. म्हणून चार्जरशिवाय नुसतं सर्किट लावून चमत्काराची वाट बघू नये.

कुठली बॅटरी घ्यावी, कुठली सोडावी

आधी बॅटरी पडवीत किंवा खळ्यात, हवेशीर जागी आणा. माजघरात, पोटमाळ्यावर किंवा बंद खोलीत हे काम करायचं नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीने स्फोट होतो. देवघर, चूल, विडी-सिगारेट सगळं लांब. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, जवळ पाण्याची बादली आणि खायचा सोडा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे तो चुकून दोन्ही टर्मिनलांवर पडला तरी शॉर्ट होणार नाही. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर बराच वेळ वाहत्या पाण्याने धुवून थेट डॉक्टरांकडे जा.

बॅटरी इन्व्हर्टरला जोडलेली असेल तर इन्व्हर्टर बंद करा, आधी निगेटिव्हची वायर सोडवा, मग पॉझिटिव्हची. आता नजर टाका. डबा फुगला असेल किंवा तडा असेल तर तिथेच थांबा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल, आणि खाऱ्या वाऱ्यात तो साचतोच, तर सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून साफ करा. सोड्याचं पाणी सेलच्या झाकणातून आत मात्र जाता कामा नये.

पाण्याची पातळी प्लेटांच्या खाली गेली असेल तर प्लेटा बुडेपर्यंतच डिस्टिल्ड वॉटर घाला. वरच्या खुणेपर्यंत चार्जिंग झाल्यावर भरायचं, नाहीतर चार्ज होताना अ‍ॅसिड उतू जातं. विहिरीचं पाणी नको. पावसाचं पाणी चालेल का, असं बरेच जण विचारतात. किनाऱ्याजवळच्या पावसात समुद्राचं मीठ उतरतं आणि त्यातलं क्लोराइड प्लेटा खातं. तेही नकोच.

मग साध्या चार्जरने कमी करंटवर बॅटरी भरून घ्या. करंट किती, तर क्षमतेच्या (बॅटरी किती अँपिअर किती तास देते, त्या अँपिअर-अवरच्या आकड्याच्या) विसाव्या भागाइतका. म्हणजे ३५ अँपिअर-अवरच्या गाडीच्या बॅटरीला पावणेदोन अँपिअर, १५० च्या इन्व्हर्टर बॅटरीला साडेसात. चार्जर काढून रात्रभर विश्रांती द्या आणि सकाळी मोजा.

बारा व्होल्टची धडकी बॅटरी अशा विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. पुरतं चार्जिंग करूनही साडेदहाच्या आसपास असेल, तर एक सेल मेलेला आहे. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो, तेवढाच कमी दिसतो. मेलेल्या सेलवर कुठलंही सर्किट चालत नाही.

आता हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता दाखवणारी पिचकारी. सहाही सेलमधून एकेक करून अ‍ॅसिड ओढा, डोळ्यांच्या रेषेत धरा, आकडा वहीत लिहा आणि अ‍ॅसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. पूर्ण भरल्यावरचा आकडा प्रत्येक बॅटरीचा थोडा वेगळा असतो, तो लेबलवर दिलेला असतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला बहुधा १.२४० च्या जवळपास. तुमच्या सहाही सेलचे आकडे कमी, पण एकमेकांच्या जवळ, समजा १.१६० ते १.१८०, असे आले तर सल्फेशनची शक्यता मोठी आणि मेहनत घ्यायला हरकत नाही. पाच सेल १.२३० आणि सहावा १.१४०, असं असेल तर तो सेल आतून गेला आहे. ओढलेलं अ‍ॅसिड तपकिरी, गढूळ दिसलं तर प्लेटांचा माल झडून खाली साचला आहे. तीही बॅटरी सोडून द्या.

आणखी एक खूण चार्जिंग सुरू करतानाच दिसते. चार्जर लावताक्षणी व्होल्टेज पंधरा-सोळावर उडी मारतं, करंट जेमतेम जातो आणि चार्जर काढून एक बल्ब लावला की बॅटरी लगेच ढेपाळते. अशा बॅटरीसाठीच हे सर्किट आहे.

आकडा कमी दिसला की वरून अ‍ॅसिड ओतणारे मेकॅनिक गावोगावी आहेत. तसं करू देऊ नका. अ‍ॅसिड कुठे गेलेलं नसतं, त्यातलं सल्फेट प्लेटांवर चिकटून बसलेलं असतं. वरून ओतलं की हायड्रोमीटरचा आकडा छान दिसतो आणि प्लेटा आणखी लवकर संपतात.

सामान

एनई५५५ टायमर आणि त्याचा आठ पायांचा सॉकेट, आयआरएफ५४०एन मॉस्फेट (करंट झटपट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), एफआर३०७ डायोड, १एन४१४८ डायोड, १५ व्होल्ट १ वॉटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ न देणारा डायोड). रेझिस्टर: १०० ओहम अर्ध्या वॉटचा, ६.८ किलोओहम, १५० किलोओहम, ३३ ओहम, १० किलोओहम. कपॅसिटर: ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन (अंगावर १०३ लिहिलेलं असतं, टायमिंगसाठी पॉलिएस्टरचा घ्या), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक आणि १०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) एक. कॉइल दोन: १ मिलिहेन्री किमान १ अँपिअरची आणि २२० मायक्रोहेन्री किमान ३ अँपिअरची. ५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, छिद्रांचा जनरल पीसीबी, दीड-दोन चौरस मिलिमीटरची वायर आणि मजबूत क्लिपा.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळसारख्या ठिकाणी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत टायमर, रेझिस्टर सहज मिळतात. कॉइलसाठी मात्र मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी लॅमिंग्टन रोडवर पाठवावं लागतं किंवा ऑनलाइन मागवाव्या लागतात. कॉइलच्या अँपिअरमध्ये तडजोड करू नका. बारीक तारेची कॉइल त्या करंटला सॅच्युरेट होते आणि मॉस्फेट जळतो. एफआर३०७ च्या जागी दिसायला तसाच १एन५४०८ लावण्याचा मोह होतो, पण तो मंद आहे, झटका तिथेच मरतो.

जोडणी

टायमरची बाजू आधी करा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर फ्यूज, फ्यूजनंतर १०० ओहम आणि तिथून ५५५ चा ८ नंबरचा पाय. ४ नंबर ८ ला जोडा. १ नंबर निगेटिव्हला. ८ आणि १ मध्ये २५ व्होल्टवाला १०० मायक्रोफॅरड आणि १५ व्होल्टचा झेनर, झेनरची पट्टी ८ च्या बाजूला. झटक्यांपासून टायमरला वाचवणारी हीच जोडी आहे, ती गाळू नका.

८ ते ७ मध्ये ६.८ किलोओहम. ७ ते ६ मध्ये १५० किलोओहम आणि त्यालाच समांतर १एन४१४८, त्याची पट्टी ६ कडे. ६ आणि २ एकमेकांना जोडा आणि तिथून निगेटिव्हला पॉलिएस्टरचा ०.०१. दुसरा ०.०१ हा ५ नंबर ते निगेटिव्ह. आता ३ नंबरच्या पायावर सुमारे ५० मायक्रोसेकंदांचा पल्स आणि हजारेक मायक्रोसेकंदांची विश्रांती मिळते.

३ नंबरवरून ३३ ओहम मॉस्फेटच्या गेटला, गेट ते निगेटिव्ह १० किलोओहम. छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडे गेट, मध्ये ड्रेन, उजवीकडे सोर्स. सोर्स निगेटिव्हला.

आता शक्तीची बाजू. फ्यूजनंतरच्या पॉझिटिव्हवरून १ मिलिहेन्रीची कॉइल. तिच्या दुसऱ्या टोकावर ६३ व्होल्टवाल्या कपॅसिटरचं पॉझिटिव्ह, त्याचं निगेटिव्ह थेट मॉस्फेटच्या सोर्सजवळ. त्याच टोकावरून २२० मायक्रोहेन्रीची कॉइल ड्रेनला. ड्रेनवरून एफआर३०७ परत फ्यूजनंतरच्या पॉझिटिव्हला, पट्टी पॉझिटिव्हकडे. झालं.

चालतं असं: पहिल्या कॉइलमधून कपॅसिटर निवांत भरतो. मॉस्फेट चालू झाला की कपॅसिटरातला करंट दुसऱ्या कॉइलमधून खाली धावतो आणि ५० मायक्रोसेकंदांत अडीच-पावणेतीन अँपिअरपर्यंत चढतो. मॉस्फेट बंद होतो, कॉइलमधला करंट तर थांबत नाही, त्याला डायोडमधून बॅटरीत जाण्यावाचून वाट उरत नाही. पहिली कॉइल तो झटका मागे कपॅसिटरात शिरू देत नाही.

कपॅसिटर, दुसरी कॉइल, मॉस्फेट आणि डायोड एकमेकांना अगदी खेटून बसवा, त्यांच्यातले जोड जाड तारेने करा. बॅटरीपर्यंतची वायर हातभराहून लांब नको. लांब वायर स्वतःच कॉइलसारखी वागते. आणि बॅटरीच्या टर्मिनलांवर समांतर मोठा कपॅसिटर लावू नका, झटका तोच गिळून टाकेल. इन्व्हर्टर जोडलेला असताना सर्किट लावायचं नाही, त्याचं हे एक कारण आहे.

सगळं तपासून झालं की बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूवर क्लिअर लॅकरचे दोन हात मारा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत उघडं सोल्डर एका पावसाळ्यात काळं पडतं.

पहिली चाचणी

पहिल्यांदा चांगल्या, छोट्या बॅटरीवर लावा. स्कूटरची चालेल. उलटे जोड झाले तर फ्यूज उडतो, म्हणून फ्यूजशिवाय एकदाही जोडू नका. क्लिपा आधी घट्ट बसवायच्या आणि फ्यूज शेवटी घालायचा, काढताना फ्यूज आधी काढायचा. म्हणजे ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी पडत नाही.

चालू झालं की कॉइलजवळ कान न्या, बारीक किर्र आवाज येतो. ऑसिलोस्कोप नसला तरी हरकत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून गेट आणि निगेटिव्हमध्ये मोजा, अर्ध्या व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा, कारण दहाएक व्होल्टचा पल्स फक्त पाच टक्के वेळ असतो. मीटरला हर्ट्‌झची रेंज असेल तर नऊशेच्या आसपास दिसेल. गेटवर शून्य असेल तर ५५५ ची बाजू पुन्हा बघा. चार-पाच व्होल्ट आले तर बहुधा १एन४१४८ लागलेलाच नाही, दहाच्या आसपास आले तर तो उलटा आहे. दोन्ही वेळा फ्यूज लगेच काढा.

मग फ्यूज तसाच ठेवून, बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीत मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून सर्किट स्वतः किती खातं ते बघा. ५० ते १०० मिलिअँपिअर ठीक. अर्धा अँपिअर किंवा मॉस्फेटला बोट लावता येणार नाही इतकी उष्णता, म्हणजे कॉइल कमी ताकदीची आहे नाहीतर डायोड चुकीचा.

उपचार

सुरू करण्याआधी बॅटरीची खरी क्षमता मोजा, नाहीतर सुधारणा झाली की आपल्याला तसं वाटलं हे कळणार नाही. भरलेल्या बॅटरीला गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावा. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो. व्होल्टेज १०.५ ला येईपर्यंत किती तास गेले ते लिहा. दोन तास टिकली तर नऊ अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीत नऊच उरले आहेत, हे समोर दिसतं. १०.५ ला आली की बल्ब लगेच काढा आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावा.

आता सर्किट थेट टर्मिनलांवर, आखूड वायरींनी. चार्जर त्याच टर्मिनलांवर, पण लांब वायरींनी, म्हणजे चार्जरमधला फिल्टर कपॅसिटर झटके कमी खाईल. जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर या कामाला उत्तम. घरावर छोटं सोलर पॅनेल असेल तर ते त्याहून सोपं: २० वॉटचं पॅनेल उन्हात एक अँपिअरच्या आसपास देतं, मध्ये एक ब्लॉकिंग डायोड टाकायचा. सोलरचा कंट्रोलर मात्र या काळात वेगळा ठेवा, झटक्यांनी तो बिघडू शकतो. हा बेत ऑक्टोबर ते मे यातलाच, पावसाळ्यात ऊन कुठलं मिळायला.

व्होल्टेज १४.४ च्या वर गेलं की करंट कमी करा. सेलमधून मंद बुडबुडे येणं ठीक आहे, खळखळ उकळल्यासारखं नको. बॅटरीच्या कुशीला हात लावून बघत जा, हात ठेववत नसेल इतकी तापली तर सगळं बंद करून थंड होऊ द्या. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बघा. रात्री चार्जर बंद ठेवला तर सर्किटही काढा, कारण एकट्याने ते दिवसाला दीड-दोन अँपिअर-अवर खातं.

आठवड्यातून एकदा चार्जिंग थांबवा, रात्रभर ठेवा, सहा सेलचे आकडे लिहा, बल्बची चाचणी करा आणि पुन्हा भरा. ही उतरवण्या-भरवण्याची फेरीही बॅटरीला सैल करते. हायड्रोमीटरचा आकडा हळूहळू वर सरकत असेल आणि बल्बचे तास वाढत असतील, तर चालू ठेवा. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला एवढ्याशा सर्किटाने महिना-दीड महिनाही लागतो. तीन-चार आठवड्यांत वहीतले आकडे हललेच नाहीत तर थांबा. आणि अर्ध्याहून जास्त क्षमता परत मिळाली, तर ती बॅटरी दिवे, राउटर, मोबाइल यांसाठी खुशाल वापरा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारख्या गोष्टीला तिच्यावर विसंबू नका, तिथे नवीच हवी.

एप्सम सॉल्ट किंवा बाजारातली ‘बॅटरी टॉनिकं’ आत घालू नका. एकदा घातलं की ते काढता येत नाही आणि पुढे हायड्रोमीटरचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

घर बंद करून जाताना

उठवलेली बॅटरी पुन्हा बसू नये यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी ती पूर्ण भरा, पाणी बघा, इन्व्हर्टरपासून सोडवा, टर्मिनलांना व्हॅसलीन लावा. इन्व्हर्टर नुसता बंद करून भागत नाही, आतून तो थोडा करंट खात राहतो. छपरावर दहा वॉटचं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर कायमचा लावून ठेवला तर सर्वांत उत्तम. पडून असलेली बॅटरी महिन्याला जेवढी उतरते, तेवढं ते पॅनेल सहज भरून काढतं. ते जमत नसेल तर शेजाऱ्यांकडे चावी ठेवा आणि महिन्यातून एक दिवस चार्जिंग करायला सांगा. शाकारलेल्या होडीच्या बॅटरीलाही हाच नियम, जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायची आणि जुलैच्या सुरुवातीला पुन्हा एकदा.

जी उठली नाही ती बॅटरी दुकानदाराकडे परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि नवी घेताना जुनीचे पैसेही वळते होतात. अ‍ॅसिड ओतून रिकामा डबा भंगारात देऊ नका. ते अ‍ॅसिड आणि त्यातलं शिसं पोफळीच्या बागेत मुरतं आणि तिथून विहिरीत उतरतं.